शिळे बग, दप्तरी दाखल

रेडमंडमध्ये राहत असाल, किंवा घरातलं कुणी तिथे नोकरीला असेल, तर ही गोष्ट तुम्हाला आवडेल. २००४ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सवर आधारलेली उबुंटू ही प्रणाली नुकती आकार घेत होती. तिच्या बगांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचा बग खुद्द तिचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी नोंदवला. बग काय होता? नव्या डेस्कटॉप संगणकांच्या बाजारात बहुसंख्य वाटा मायक्रोसॉफ्टचा आहे, आणि हा दोष दुरुस्त करण्यासाठीच उबुंटू आहे. म्हणजे रेडमंड हाच बग.

हा बग जवळजवळ नऊ वर्षं उघडा राहिला. ३० मे २०१३ रोजी शटलवर्थ यांनी तो स्वतः बंद केला. बंद करताना कारणही लिहिलं. लोक आता फोनवर आणि टॅबलेटवर संगणक वापरतात, त्या सगळ्या बाजारात मायक्रोसॉफ्ट बहुसंख्य राहिलेली नाही, आणि हा बदल मुख्यतः उबुंटूमुळे झालेला नाही, असा त्याचा मथितार्थ. बग सुटला, पण आम्ही सोडवला नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं.

मूळ नोंदीत थट्टा होती हे उघड आहे. मला त्यातला शेवट महत्त्वाचा वाटतो. एका माणसाने जुना बग पुन्हा वाचला, आजची परिस्थिती पाहिली, आणि आपल्या नावाने कारण देऊन तो मिटवला. पॉडकास्टच्या या भागात आपण मोफत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लोकांच्या थकव्याबद्दल बरंच बोललो. पण त्या थकव्यावर आज जो उपाय सर्रास वापरला जातो, त्याच्यावर टीका करायची राहून गेली. ती इथे करते.

तो उपाय म्हणजे बॉट. तुम्ही गिटहबवर एखादा बग नोंदवता. गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे, तेव्हा हाही एका अर्थी रेडमंडचाच पत्ता. आठवडे जातात, कुणी काही बोलत नाही. मग एक दिवस ईमेल येते. तुम्ही हरखून उघडता, तर बॉटचा निरोप: या नोंदीवर बरेच दिवस हालचाल नाही, म्हणून ती 'स्टेल', म्हणजे शिळी, ठरवली आहे. ठराविक दिवसांत कुणी काही बोललं नाही तर बंद करू. गिटहब स्वतःच पुरवतं त्या बॉटच्या मूळ मांडणीत शिळं व्हायला ६० दिवस लागतात आणि त्यानंतर बंद व्हायला ७. कुबरनेटिस या मोठ्या प्रकल्पात ९० दिवसांनी 'शिळं', आणखी ३० दिवसांनी 'कुजलेलं', आणि आणखी ३० दिवसांनी बंद. 'कुजलेलं' हा शब्द माझा नाही, त्यांच्या लेबलवर खरंच तसं लिहिलेलं असतं.

तुमच्या आजोबांनी पंचायत समितीत किंवा तहसील कचेरीत कधी अर्ज दिला असेल, तर त्यांना 'दप्तरी दाखल' हे शब्द विचारून बघा. अर्ज मंजूर झालेला नसतो, नामंजूरही झालेला नसतो. कागद फायलीत लागतो, फाईल रुमालात बांधली जाते, आणि विषय संपतो. नामंजूर झाला असता तर निदान अपील करता आलं असतं, वरच्या साहेबाकडे जाता आलं असतं. दप्तरी दाखल झालेल्या अर्जाविरुद्ध भांडायचं तरी कुणाशी? शिळा बग बंद करणारा बॉट नेमकं हेच करतो, फक्त रुमालाऐवजी लेबल बांधतो.

आता दुसरी बाजू. ती खरी आहे आणि ती ऐकल्याशिवाय टीका करण्यात काही अर्थ नाही.

तुमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती आठवा. आठवडाभर नोकरी करून शनिवारी पहाटे उठून हॉलमध्ये सतरंज्या घालणारी, तीनशे पानं वाढणारी आणि रात्री अकरा वाजता पातेली घासणारी सहा-सात माणसं. ती सगळी फुकट राबतात. आता कल्पना करा, एका मोठ्या कंपनीचा माणूस तिथे येतो आणि चिठ्ठी देतो: आमच्या पाहुण्यांना आज मोदक हवे आहेत, विषय अत्यंत तातडीचा आहे. सतरंजी उचलणारा माणूस काय म्हणेल? तो सभ्य असेल तर काहीच म्हणणार नाही, पण पुढच्या वर्षी येणार नाही.

असंच काहीसं एप्रिल २०२४ मध्ये घडलं. एफएफएमपेग हे चित्रफिती आणि आवाज हाताळणारं सॉफ्टवेअर जगभरात कुठे ना कुठे आत दडलेलं असतं, आणि ते मुख्यतः स्वयंसेवक सांभाळतात. त्या प्रकल्पाने जाहीर तक्रार केली की मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या बाजूने त्यांच्या बगांच्या यादीत एक प्रश्न 'तातडीचा' म्हणून टाकला गेला. आम्ही दीर्घकाळच्या देखभालीसाठी करार करा असं सुचवलं, तर एकदाच काही हजार डॉलर देऊ असं उत्तर आलं, असंही त्यांनी लिहिलं. प्रश्न विचारणारा अभियंता वाईट माणूस होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याच्या कचेरीतल्या यादीत तो प्रश्न खरंच तातडीचा असेल. पण एका यादीतली तातडी दुसऱ्या यादीत तशीच उचलून टाकता येत नाही, कारण पहिल्या यादीमागे पगार असतो.

ही तक्रार ज्या आठवड्यात झाली तो आठवडाही लक्षात ठेवण्यासारखा. काही दिवस आधी, २९ मार्च २०२४ ला, अँड्रेस फ्रॉइंड यांनी जगाला कळवलं होतं की एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते, आणि नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. दुसऱ्या यंत्रात दूरवरून शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्या बारीक खटक्यावरून त्यांनी माग काढला. म्हणजे एकाच कंपनीची दोन रूपं एकाच आठवड्यात दिसली: पगारी माणसाने स्वतःहून खोलात जाऊन सगळ्यांना वाचवलं, आणि त्याच पगाराच्या जोरावर 'तातडीचं' असं लेबलही लागलं.

एक्सझेडच्या प्रकरणात आपल्या विषयाशी थेट जोडलेला धागा आहे, आणि बातम्यांमध्ये तो मागे पडला. हे सॉफ्टवेअर लासे कॉलिन नावाचा एक माणूस वर्षानुवर्षं हौसेने सांभाळत होता. २०२२ मध्ये काही खात्यांवरून त्याच्यावर दबाव यायला लागला. पाठवलेल्या दुरुस्त्या पडून आहेत, प्रकल्प मरगळलाय, दुसऱ्याला हक्क द्या, असा सूर. त्याच सुमारास 'जिया टॅन' या नावाची एक व्यक्ती अगदी नम्रपणे मदत करत होती. शेवटी तिलाच किल्ल्या मिळाल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला तिने चोरदरवाजा आत आणला. तक्रार करणारी ती खातीही याच कटाचा भाग असावीत, असं आता बहुतेक अभ्यासकांना वाटतं. म्हणजे हल्ल्याचं हत्यार काय होतं? साचलेल्या कामाची लाज. ज्याच्या दारात न उघडलेल्या पत्रांचा ढीग आहे, त्याला अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटणारा माणूस मदतीचा हात पुढे आला की फारसं तपासत नाही.

म्हणून 'बगांची यादी लहान दिसली पाहिजे' ही सांभाळणाऱ्यांची इच्छा नुसती टापटिपीची हौस आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. यादी छातीवर बसते. नादिया एग्बाल यांनी 'वर्किंग इन पब्लिक' या २०२० च्या पुस्तकात हेच मांडलं आहे: मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोड मुबलक असतो, पण सांभाळणाऱ्याचं लक्ष मुबलक नसतं. प्रत्येक नोंद, प्रत्येक प्रश्न, प्रत्येक 'काही प्रगती आहे का?' त्या लक्षातून थोडं थोडं खात असतो. हे मला पटतं. माझा आक्षेप यावरून पुढे जो निष्कर्ष काढला जातो त्याला आहे: लक्ष कमी आहे, म्हणून बॉट ठेवा.

आक्षेप तीन आहेत.

पहिला. बॉट लक्ष वाचवत नाही, ते एका खिशातून दुसऱ्या खिशात हलवतो. आधी सांभाळणाऱ्याला दर काही महिन्यांनी जुन्या नोंदी चाळाव्या लागत. आता बग नोंदवणाऱ्याला दर ६० किंवा ९० दिवसांनी येऊन 'अजून आहे हो' असं म्हणावं लागतं. दहा जणांनी एकच बग धरून ठेवला असेल, तर दहा जणांना बॉटचं पत्र जातं. त्यातला एक जण हजेरी लावतो, उरलेल्या नऊ जणांना त्याचीही ईमेल येते. ज्याच्याकडे वेळ आहे त्याचा बग जगतो. ज्याच्या घरी बाळ झालंय, परीक्षा आहे, नोकरी गेली आहे, त्याचा मरतो. बगाचं गांभीर्य यात कुठेच मोजलं जात नाही.

दुसरा. बॉट शांततेला पुरावा मानतो. कुणी बोललं नाही म्हणजे कुणाला त्रास नाही, हे त्याचं तर्कशास्त्र. पण बग स्पष्ट लिहिलेला असेल, पायऱ्या दिलेल्या असतील, तर आणखी बोलायचं काय? उत्तम लिहिलेला बग सगळ्यात आधी शिळा होतो, कारण त्यावर विचारायला काही उरलेलं नसतं. अर्धवट लिहिलेल्या बगावर मात्र 'कुठली आवृत्ती?', 'लॉग पाठवा', 'मलाही होतंय' अशी वर्दळ राहते, आणि तो जिवंत राहतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. 'बंद' हे विधान आहे, आणि विधान खरं असायला हवं. बग दुरुस्त करणं ही देणगी आहे, ती कुणी कुणाला देणं लागत नाही. मुक्त परवान्यांमध्ये ते सरळ लिहिलेलंच असतं: आहे तसं घ्या, हमी नाही. पण नोंदीची अवस्था काय आहे हे सांगणं ही देणगी नव्हे. 'हा दोष आहे, आम्ही दुरुस्त करणार नाही' हे खरं असू शकतं. 'हा दोष आहे, कुणाकडे वेळ नाही' हेही खरं असू शकतं. कुबरनेटिसच्या बॉटच्या निरोपात तर आपल्याकडे पुरेशी माणसं नाहीत असं प्रामाणिकपणे म्हटलेलंच असतं. पण ते वाचून झाल्यावर बंद व्हायचं ते होतंच. वर्षभराने कुणी त्याच अडचणीत सापडून शोधायला आलं, तर त्याला उघड्या बगांच्या यादीत काहीच दिसत नाही. तो नवी नोंद करतो. तीही शिळी होते. दोष एक, नोंदी पाच, सगळ्या बंद. कागदावर प्रकल्प ठणठणीत.

आता म्हणाल, हे सगळं सॉफ्टवेअरवाल्यांचं घरगुती भांडण झालं. आमचा मराठीशी काय संबंध? आहे, आणि चांगलाच आहे.

तुमच्या फोनवर हे दोन शब्द लिहा: आचार्यांना आणि आचाऱ्यांना. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. तसेच दर्या आणि दऱ्या. एकात समुद्र, दुसऱ्यात सह्याद्री. फरक फक्त त्या डोळ्याच्या पापणीसारख्या अर्ध्या र चा. हिंदीला त्याची गरज पडत नाही, मराठीला रोज पडते. युनिकोडमध्ये हा र दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दुसरी, साधा र, हलन्त, आणि त्यामागे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरं आहेत. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या' दुसऱ्या पद्धतीने शोधल्या तर साध्या शोधयंत्राला सापडत नाहीत. आणि एखाद्या सॉफ्टवेअरने 'न दिसणारी चिन्हं काढून टाका' असा सफाईचा नियम लावला, तर आचाऱ्यांचे चक्क आचार्य होतात.

हा बग कोण नोंदवणार? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. पण बगांच्या याद्या इंग्रजीत असतात. ज्याच्या पडद्यावर दऱ्यांचा दर्या झाला, तो बहुधा असा विचार करतो की आपलंच काही चुकलं. नाहीतर सरळ रोमन लिपीत लिहायला लागतो. म्हणजे इथे शांतता सगळ्यात मोठी, आणि त्या शांततेचा बॉटने लावलेला अर्थ सगळ्यात चुकीचा.

फेडोरा या लिनक्सचं उदाहरण घ्या. तिची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिने जगते. ती निवृत्त झाली की तिच्या नावावरचे उघडे बग, आधी सूचना देऊन, एकगठ्ठा बंद होतात. बग पुढच्या आवृत्तीतही असेल तर ज्याने नोंदवला त्याने येऊन आवृत्तीचा आकडा बदलायचा. याच फेडोरात अनेक वर्षं देवनागरीसाठी लोहित फॉन्ट होते. हे फॉन्ट मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली आणले आणि पुढे त्यांच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी ते सांभाळले. अक्षराची एक जोडणी चुकीची दिसते हा दोष १३ महिन्यांत आपोआप बरा होत नाही. तो आवृत्तीचा दोष नसतोच, पण नोंद मात्र आवृत्तीच्या नावावर असते, आणि तिच्यासोबत जाते.

मतांचा मार्ग तर आणखी कठीण. व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा संपादक, पगारी लोकांनी सांभाळलेला, म्हणजे स्वयंसेवकांचा नव्हे. पण त्याचा कोड मुक्त आहे, आणि त्याच्या रीती इतर प्रकल्प उचलतात. तिथे नव्या सोयीची मागणी आली की ती ६० दिवस लोकांसमोर ठेवली जाते. तेवढ्यात २० मतं पडली तर यादीत, नाही पडली तर बंद. नियम स्पष्ट आहे, आधीच जाहीर आहे, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच करायला हवं. पण हा नियम दुसरीकडे लावताना एक गोष्ट सुटते. देवनागरी नीट न दिसणं हा बग की नवी सोय? ज्याची भाषा तुटते त्याच्यासाठी बग. ज्याने ती भाषा कधी वाचलीच नाही, त्याच्यासाठी 'गुंतागुंतीच्या लिप्यांचा आधार' नावाची सोय. सोय म्हटलं की मतं मोजायची, आणि मतं मोजायची म्हटलं की आठ कोटी लोकांमधून वीस जण दोन महिन्यांत तिथे पोचायला हवेत.

मग काय, सगळे बग कायम उघडे ठेवायचे? तसंही मी म्हणत नाही. जुना बग उघडा ठेवल्याने चमत्कार घडतात, हे खरं. फायरफॉक्समध्ये माउसखालची छोटी माहितीची चौकट दुसऱ्या खिडकीवर गेलं तरी तशीच अडकून राहायची. हा बग २००२ मध्ये नोंदवला गेला आणि २०२३ मध्ये एका स्वयंसेवकाने सोडवला. जीटीकेच्या फाईल निवडायच्या खिडकीत चित्रांच्या छोट्या प्रतिमा दिसाव्यात ही मागणी २००४ ची. ती २०२२ मध्ये पूर्ण झाली. अठरा वर्षं लोकांनी त्यावर विनोद केले, आणि त्या विनोदांमुळेच कदाचित ती कुणाच्या विस्मरणात गेली नाही. पण ही उदाहरणं बातमी होतात, कारण ती दुर्मीळ आहेत. वीस वर्षं उघडा असलेला बहुतेक बग एकविसाव्या वर्षीही सुटत नाही. उघडी नोंद हे न बोलता दिलेलं वचन असतं, आणि पाळायचं नसलेलं वचन लटकवत ठेवणं हीही एक प्रकारची थापच.

मला जे प्रकल्प आवडतात ते या दोन थापांच्या मधून वाट काढतात. कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणणारं सॉफ्टवेअर बघा. डॅनियल स्टेनबर्ग आणि त्यांचे सहकारी ते चालवतात. तिथल्या उघड्या नोंदींची यादी लहान असते, पण बॉटच्या कृपेने नव्हे. दोष खरा आहे, पण त्यावर काम करायला कुणी पुढे येत नाही असं दिसलं, की तो 'नोन बग्स', म्हणजे माहीत असलेले दोष, या नावाच्या फाइलमध्ये लिहितात आणि मग नोंद बंद करतात. ही फाईल सॉफ्टवेअरसोबतच फिरते. सांभाळणाऱ्याच्या छातीवरचं ओझंही उतरतं, आणि खरं बोलणंही सुटत नाही. दप्तर आहे, पण ते उघडं आहे, आणि दाराशी ठेवलेलं आहे.

लिबरऑफिसची पद्धत वेगळी. तिथे ज्या नोंदीत माहितीच अपुरी आहे आणि विचारूनही मिळाली नाही, ती काही महिन्यांनी बंद होते. पण जो बग दुसऱ्या कुणी करून पाहून खात्रीचा ठरवला आहे, त्याला वर्षभर कुणी हात लावला नाही तर फक्त विनंती जाते: नव्या आवृत्तीत पुन्हा करून बघाल का? उत्तर नाही आलं तरी बग उघडाच राहतो. अपुरी तक्रार आणि सिद्ध झालेली तक्रार यात फरक करायला माणूस लागतो, आणि बॉट कितीही हुशार केला तरी हा फरक आधी माणसाने करून ठेवावा लागतो. डेबियनमध्ये तर 'दुरुस्त करणार नाही' असा शिक्का मारूनही बग उघडा ठेवता येतो. नकार आणि अस्तित्व दोन्ही एकाच पानावर.

आणि ज्यांना अगदीच वेळ नाही त्यांनी डोनाल्ड कनुथ यांच्याकडे पाहावं. टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीतले बग ते काही वर्षांनी एकदाच बघतात: २००८, २०१४, २०२१. मधल्या काळात इतर जाणकार तक्रारींची छाननी करून ठेवतात. सहा-सात वर्षं थांबायला कुणाला आवडेल? पण तारीख ठरलेली आहे, आणि त्या तारखेला माणूस बसून वाचणार आहे, हे माहीत असलं की थांबण्याला अर्थ येतो.

या सगळ्या रीतींत साम्य एकच. कुठेतरी एका माणसाने बग करून पाहिलेला असतो. दुरुस्त केलेला नाही, फक्त करून पाहिलेला. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहिणाऱ्यांची टंचाई आहे असं आपण नेहमी ऐकतो. माझ्या मते त्याहून मोठी टंचाई छाननी करणाऱ्यांची आहे, आणि ती दिसत नाही, कारण त्या कामाला ना नाव मिळतं ना हिरवा चौकोन. बॉट त्या रिकाम्या खुर्चीवर बसवलेला आहे. खुर्ची रिकामी आहे म्हणून बॉटवर रागावण्यापेक्षा खुर्चीत बसावं, हे बरं.

इथे मी थेट तुमच्याशी बोलते. तुमच्यापैकी बरेच जण अशा कंपन्यांत आहेत, ज्यांच्या उत्पादनांच्या पोटात स्वयंसेवकांचं सॉफ्टवेअर आहे. तुम्हाला दुसऱ्याच्या यादीत 'तातडीचं' असं लिहायचा मोह होईल. त्याआधी त्याच यादीतले पाच जुने बग करून पाहा, आणि प्रत्येकाखाली तीन ओळी लिहा: कुठल्या आवृत्तीवर पाहिलं, काय केलं, काय दिसलं. 'अजून आहे' एवढंच लिहू नका, त्याने कुणाचं भलं होत नाही. बग गेलेला असेल तर तेही लिहा. सांभाळणाऱ्याला सगळ्यात जास्त आनंद त्याच ओळीचा होतो, कारण मग तो बग खरेपणाने बंद करता येतो. कंपनीला पैसे द्यायला लावता आले तर उत्तमच, पण ते साहेबाच्या हातात असतं. शनिवारची दुपार तुमच्या हातात आहे.

आणि त्या पाचांपैकी एक बग मराठीचा निवडा. तुम्ही रोज वापरता त्या एखाद्या मुक्त ॲपमध्ये 'वाऱ्यावर' हा शब्द दोन्ही पद्धतींनी लिहून बघा. दिसतो का, शोधला तर सापडतो का, जतन करून पुन्हा उघडल्यावर तसाच राहतो का. बिघडत असेल तर आधी जुनी नोंद शोधा, बंद झालेल्या नोंदींमध्येसुद्धा. बहुधा सापडेल. कुणीतरी पुण्यातून किंवा नांदेडहून अडखळत्या इंग्रजीत लिहिलेली असेल, आणि खाली बॉटचे दोन निरोप असतील. नवी नोंद करण्याआधी ती परत उघडता येते का बघा, आणि त्या माणसाच्या ओळीखाली आपली ओळ लिहा. तो कदाचित आता तिथे नसेल. तरीही नोंद त्याच्या नावावर राहू द्या.

तपासलेला बग सापडला तर आम्हाला कळवा. पुढच्या भागाच्या शेवटी आम्ही त्यातले काही घेऊन बसू, आणि करून पाहू.